करमाफीची जीप

एखाद्याला सरकारी सवलत मिळाली की चार लोक त्याचं अभिनंदन करतात आणि तो पेढे वाटतो. नवनाथ भोये यांचं मात्र कुणी अभिनंदन केलं की ते ताबडतोब हवापाण्यावर घसरतात. यंदा थंडी उशिरा पडली नाही का, द्राक्षांना बरी म्हणे, असं काहीबाही पुटपुटत ते जिन्याकडे सरकतात. इंदिरानगरातल्या साईछाया सोसायटीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटतं, काय विनयशील माणूस आहे! तसं काही नाही. नवनाथरावांनी उभी हयात एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिकाच्या खुर्चीत काढली. विनय हा त्या खुर्चीचा गुण नव्हे.

प्रकरण सुरू झालं ते अक्कामुळे. अक्का म्हणजे नवसाबाई, नवनाथरावांची थोरली बहीण. पेठ तालुक्यात, डोंगरात, करंजपाड्याला राहते. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं, शाळेत घातलं, आणि पुढं तो नाशिकला नोकरीला लागला तेव्हा साऱ्या पाड्याला गूळ वाटला. या अक्काची एक मैत्रीण आहे, विमलाबाई. दोघी एकाच पाड्यावर वाढल्या. लग्न होऊन विमलाबाई डोंगरापलीकडे उंबरदरीला गेली. तेव्हापासून दोघींचा एक नेम होता. भाताची कापणी झाली की नव्या तांदळाचा पहिला भात दोघींनी एका ताटात जेवायचा. एका साली ही डोंगर उतरून तिकडे, दुसऱ्या साली ती डोंगर चढून इकडे. मग दोघींचे गुडघे एकदमच संपावर गेले आणि नेम मोडला.

होळीला नवनाथराव करंजपाड्याला गेले होते तेव्हा अक्का चुलीपुढं बसून म्हणाली, “नवा, औंदा मला उंबरदरीला ने रं. विमलाचा काळू वापीला कंपनीत हाय. कापनी झाली का आईला कायमची नेतो म्हनतो. घराला कुलूप लावनार. ती गेली मंग कोन कुठं न् कोन कुठं.”

करंजपाड्याहून उंबरदरीला जायला रस्ता नावाची एक वस्तू होती. उन्हाळ्यात तिच्यात धोंडे असत आणि पावसाळ्यात ते धोंडे चिखलाखाली जात, एवढाच फरक. ट्रॅक्टर कसाबसा जाई, पण ट्रॅक्टरवर अक्काचे गुडघे बोंबलत. नवनाथरावांचा निवृत्तीचा फंड नुकताच हाती आला होता. त्यांना भरून आलं. ते म्हणाले, “अक्का, मी जीप घेतो. चारी चाकं ओढणारी. कापणी झाल्याबरोबर तुला माझ्या जीपमधून विमलाबाईच्या दारात उतरवतो.”

अक्कानं ही बातमी त्याच संध्याकाळी पाडाभर केली. इथवर सगळं ठीक होतं. माणसानं बहिणीला शब्द द्यावा, जीप घ्यावी, बहिणीला बसवावं आणि न्यावं. पण मध्ये चिमाजी आहेर आले.

चिमाजी आहेर म्हणजे साईछायातले तळमजल्यावरचे शेजारी. सातपूरच्या एका कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यापासून जगातल्या प्रत्येक चाक असलेल्या वस्तूवर त्यांचा शब्द शेवटचा असतो, मग ती जीप असो की लहान मुलाचा पांगुळगाडा. जीपची बोलणी चाललीत म्हटल्यावर ते वर आले, चहा प्याले आणि म्हणाले, “भोयेसाहेब, कर भरू नका.”

“म्हणजे?”

“डोंगरी भागात राहणाऱ्यांना फोर बाय फोर घेतली तर रस्त्याचा कर माफ. नवीन सवलत निघालीय. तुमचं गाव डोंगरात आहे ना? मग! आपल्या हक्काचं कशाला सोडायचं?”

शुभांगीबाई, म्हणजे नवनाथरावांच्या पत्नी, आतून म्हणाल्या, “अहो, कर भरून टाका आणि वन्संना घेऊन जा. त्या वाट बघताहेत.”

ज्या घरात बायको पहिल्याच दिवशी बरोबर बोलते त्या घरातलं प्रकरण हमखास लांबतं, कारण तिचं पटायला नवऱ्याला बराच काळ जावा लागतो. शिवाय नवनाथरावांच्या अंगात लिपिक संचारला होता. जन्मभर त्यांनी लोकांचे अर्ज परत केले होते. समास कमी सोडला म्हणून परत, दिनांक खाली टाकला म्हणून परत. आता आपण अर्ज करू, तो असा करू की सरकारला त्यात बोट ठेवायला जागा मिळणार नाही, असं त्यांना वाटलं. पैशाचा प्रश्न दुय्यम होता. प्रश्न कलेचा होता.

जीप आली. हिरवी, उंच, चढताना शुभांगीबाईंना स्टूल लागायचं अशी. तात्पुरता नंबर लावलेला. आता नाशिकमध्ये नवी गाडी घेतली की ती आधी कुठं जाते, हे शाळेतलं पोरही सांगेल. सप्तशृंगीच्या गडावर. देवीला दाखवल्याशिवाय गाडीनं दुसऱ्या कुठल्या रस्त्याला चाक लावायचं नाही. लिंबं चाकाखाली गेली, नारळ फुटला, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघालं. गडाची वाट दिंडोरीवरून आणि दिंडोरीला शुभांगीबाईंचं माहेर. म्हणजे येताना तिथं थांबणं ओघानं आलंच. मेहुण्यानं किल्ली मागितली, “दाजी, एक चक्कर.” ती चक्कर त्यानं स्वतःच्या द्राक्षबागेला मारली, मग चुलत्याच्या बागेला, मग ज्या सोयऱ्याशी त्याचं बोलणं बंद आहे त्याच्या घरासमोरून दोनदा, हॉर्न वाजवत. चिमाजी आहेरही बरोबर होतेच. त्यांनी परतताना “इंजिन मोकळं होऊ द्या” म्हणून आणखी एक वळसा घ्यायला लावला. एकूण दिवस फार आनंदात गेला.

दुसऱ्या दिवशी नवनाथराव अर्ज घेऊन निघाले. डोंगरी वाहन सवलत कक्ष हा एका जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली होता. तिथले अधिकारी बोरस्ते, निफाडकडचे, शांत गृहस्थ. त्यांनी अर्ज वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, “अर्ज सुंदर आहे.”

नवनाथरावांना जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

“गाडी किती चाललीय?”

“नवीनच आहे साहेब. काल फक्त गडावर जाऊन आलो.”

“कितीवर आहे मीटर?”

नवनाथरावांनी आकडा सांगितला. बोरस्ते साहेबांनी जिभेचा ‘च्च’ असा आवाज काढला. सवलत मंजूर होईपर्यंत गाडी दोनशे किलोमीटरच्या आत चाललेली असावी, नाहीतर ती वापरातली गाडी समजतात आणि मग कर लागतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. “तुमचे चाळीसेक उरलेत. जपून वापरा.”

करंजपाडा नाशिकपासून सत्तर किलोमीटरवर. नवनाथराव बाहेर येऊन जीपपाशी उभे राहिले. देवीचं दर्शन झालं होतं, मेहुण्याचा सोयरा जळला होता, आणि अक्कापर्यंत पोचायला किलोमीटर उरले नव्हते. चूक कुणाची म्हणायची? देवीला नाही म्हणता येत नाही आणि मेहुण्याला त्याहून नाही.

तेव्हापासून जीप पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली गेली. नवनाथराव रोज सकाळी ताडपत्री उचलून मीटर बघत आणि पुन्हा झाकत. घरी शुभांगीबाईंनी दुसरा मार्ग सुचवला. “अहो, भाड्यानं गाडी करा आणि वन्संना नेऊन आणा.”

“दारात स्वतःची जीप असताना भाड्याची गाडी?” नवनाथराव म्हणाले. “सगळ्या पाड्याला माहीत आहे माझी जीप येणार म्हणून. लोक काय म्हणतील?”

लोक काहीही म्हणाले नसते. करंजपाड्याचे लोक गाडीखालून निघालेल्या धुराकडे बघून कौतुकानं मान हलवतात, तिचा मालक कोण हे विचारत नाहीत. पण हे तेव्हा नवनाथरावांना कोण सांगणार? सांगणारी होती, तिला त्यांनी गप्प केलं.

आता दाखले. पहिला दाखला ग्रामीण रहिवासाचा. तो ग्रामसेवकानं दिला, अक्काच्या घरात नवनाथरावांचं नाव अजून होतं म्हणून. दुसरा दाखला मात्र असा होता की रस्ता इतका खराब आहे की साध्या गाडीनं जाता येत नाही. त्यासाठी नवनाथराव ज्या कार्यालयाच्या कागदावर हे रस्ते असतात तिथं गेले. एका तरुण अभियंत्यानं संगणकात बघितलं.

“करंजपाडा ते उंबरदरी? तो रस्ता झालाय की, काका.”

“कधी?”

“मागच्या वर्षी. डांबरीकरणासह.”

“मी होळीला गेलो होतो. मला नाही दिसला.”

“तुम्ही कागद बघा ना,” अभियंता समजुतीनं म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर क्षणभर नवनाथरावांचाही विश्वास डळमळला. कागदावर आहे म्हणजे असणार, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. आपण होळीला चुकून दुसऱ्याच डोंगरात तर गेलो नाही ना, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. शेवटी पुष्कळ रदबदली झाल्यावर दाखला मिळाला. त्यात लिहिलं होतं: ‘सदर रस्ता सुस्थितीत आहे. तथापि पावसाळ्यात तो दिसून येत नाही.’ नवनाथरावांनी हा मसुदा दोनदा वाचला आणि मनोमन दाद दिली. भाषेवर हुकमत असल्याशिवाय असं वाक्य उतरत नाही.

इथं त्यांनी एक गोष्ट केली, निव्वळ सवयीनं. रस्ता प्रत्यक्षात नसल्याबद्दल त्यांनी एक रीतसर निवेदन लिहिलं, आणि खाली ‘प्रत माहितीस्तव’ म्हणून वरच्या तीन साहेबांची नावं टाकून तिघांनाही पाठवलं. लिपिकाच्या हातून कागद निघाला की तो एकटा कधी निघत नाही. या तीन प्रतींचं पुढं काय होणार हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी बोटं कापून घेतली असती.

पावसाळा लागला. जून गेला, जुलै गेला. कक्षात कधी बोरस्ते साहेब रजेवर, कधी शिक्का रजेवर. अखेर गाडीच्या तपासणीचा दिवस ठरला. नवनाथरावांनी आदल्या दिवशी जीप साबणानं धुतली, टायरला काळं पॉलिश मारलं, सीटवरची प्लास्टिकं पुसली. शुभांगीबाईंनी झेंडूची माळ घातली. दाखवायला आणलेल्या मुलीसारखी जीप कक्षाच्या आवारात उभी राहिली.

बोरस्ते साहेबांनी तिला एक फेरी मारली. “भोयेसाहेब, अहो, हिला ग्रामीण भागाचा वारा तरी लागलाय का? मी वर काय लिहू? फोटो जोडायचा असतो. गाडी दुर्गम भागातली वाटली पाहिजे.”

“पण साहेब, चालवायची नाही म्हणता आणि ग्रामीणही वाटली पाहिजे?”

“ते दोन वेगळे नियम आहेत,” बोरस्ते साहेब म्हणाले. त्यांचा स्वतःचाही या दोन नियमांवर फार लोभ नसावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

साईछायात त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. चिमाजी आहेर अध्यक्ष. दुसऱ्या मजल्यावरचा हर्षल, जो घरूनच संगणकावर नोकरी करतो आणि दिवसभर कुणाशी बोलायला मिळत नाही म्हणून अशा सभांना आवर्जून येतो, त्यानं मोबाइलवर चिखलाचे फोटो दाखवले. चिखल बाहेरून आणावा की सोसायटीच्या बागेतला चालेल यावर वाद झाला. सेक्रेटरींनी बागेची माती द्यायला नकार दिला. शेवटी शुभांगीबाईंच्या भावानं दिंडोरीहून आपल्या द्राक्षबागेतली दोन पोती माती पाठवली. चिमाजी आहेरांनी ती बादलीत कालवली आणि चाकांपासून वर, उडाल्यासारखी दिसावी म्हणून, जुन्या केरसुणीनं शिंपडली. पोरांना अशी होळी पुन्हा मिळाली नाही. नवनाथराव बाजूला उभे होते. जन्मात ज्यानं खोट्या सहीचा कागद टेबलावर ठेवून घेतला नाही, तो माणूस आपल्या नव्याकोऱ्या जीपवर चिखल उडवून घेत होता. त्यांना फार लाज वाटली, पण केरसुणी जरा डावीकडे मारा असंही ते म्हणालेच.

दुसऱ्या दिवशी बोरस्ते साहेबांनी चिखलाला बोट लावलं, चोळलं आणि हसले. “भोयेसाहेब, ही काळी माती. द्राक्षाची. आमचा जन्म हिच्यात गेला. तुमच्या पेठला लाल माती असते. वर जे साहेब फोटो बघतात ते सुरगाण्याला, तसल्याच लाल मातीत, नोकरीला होते. ते लगेच ओळखतील.”

म्हणून नवनाथराव एसटीनं करंजपाड्याला निघाले. जीप नाशकात, मालक एसटीत, काखेत रिकामं पोतं. पेठपासून पुढं जे काय मिळालं त्यातनं आणि शेवटी पायी, चिखल तुडवत ते पोचले. पोळा होऊन गेला होता. भात पोटरीला आला होता, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. अक्का ओट्यावर बसली होती. भाऊ दिसताच ती भिंतीला धरून उठली, आत गेली आणि नवं लुगडं नेसून बाहेर आली. हातात पिशवी.

“चल,” ती म्हणाली. “गाडी कुठं लावली?”

नवनाथरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. “अक्का, गाडी नाही आणली. माती न्यायला आलोय.”

“माती?”

त्यांनी सगळं सांगितलं. किलोमीटर, दाखला, फोटो. अक्का लक्ष देऊन ऐकत होती. अधूनमधून मान हलवत होती. तिला काही कळलं असेल असं वाटत नाही, पण भाऊ इतका शिकलेला, तर मातीही काही कारणानंच नेत असणार, एवढा तिचा विश्वास होता. नवं लुगडं नेसलेली ती तशीच खाली उतरली आणि वाफ्याच्या कडेची तांबडी माती हातानं उकरून पोत्यात भरू लागली. “ही चांगली हाय बघ. खडा नाय हिच्यात.”

“अक्का, राहू दे, मी भरतो.”

“तू काय भरशील? हात बघ तुझं.” मग भरता भरताच म्हणाली, “पोरं म्हनली, आजी, तुला डोलीत घालून उंबरदरीला नेतो. चौघं तयार झाली व्हती. म्या म्हनलं, डोलीत बाळंतिनीला नेत्यात, नाय त आजारी मानसाला. मला काय झालंय? माझा भाऊ जीप घिऊन येतोय. विमलालाबी निरोप धाडलाय तसा. दिवाळीच्या आत येशील नव्हं? काळू तुळशीचं लगीन झालं का नेनार हाय तिला.”

“दिवाळीच्या आत, अक्का. नक्की.”

तेव्हाच त्यांनी म्हणायला हवं होतं की चल, डोलीतच बस, मी बरोबर चालतो. निदान मेहुण्याला फोन करून त्याचा पिकअप मागवायला हवा होता. या दोन गोष्टी त्यांना नंतर इतक्या वेळा सुचल्या की मोजदाद नाही. त्या दिवशी त्यांना एवढंच सुचलं की शेवटची एसटी चुकायला नको. ते पोतं खांद्यावर टाकून निघाले. एसटीत कंडक्टरनं पोत्याला हात लावून विचारलं, “काय आहे, काका? तांदूळ?” “माती,” नवनाथराव म्हणाले. कंडक्टरनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि सामानाचं तिकीट न फाडताच तो पुढं गेला. वेड्या माणसाशी कोण हुज्जत घालणार?

लाल माती मात्र लागू पडली. बोरस्ते साहेबांनी फोटो काढला, वर पाठवला, वरच्या साहेबांनी मान डोलावली. दसरा झाला. कागद सहीला आहे असं कळलं. दिवाळी आली, कागद सहीला होता. कक्षाला सुट्टी लागली, कागद सहीलाच होता. भाऊबीजेला नवनाथराव दरवर्षी एसटीनं अक्काकडे जात. यंदा गेले नाहीत. आता गेलो तर जीप घेऊनच जाणार, असा त्यांनी पण केला होता. शुभांगीबाई म्हणाल्या, “अहो, भाऊबीज आहे, वन्सं ताट घेऊन बसल्या असतील.” नवनाथरावांनी फोनवरून ओवाळून घेतलं. पलीकडे पाड्यावर रेंज येत-जात होती, त्यामुळे अर्धं ओवाळणं ऐकू आलं.

सुट्ट्या संपल्या आणि कागद मिळाला. कर संपूर्ण माफ. पक्का नंबर मिळाला. खाली अटी होत्या. गाडी डोंगरी तालुक्यांत वापरावी. नाशिकला दुरुस्तीपुरती आणता येईल. राज्याबाहेर नेल्यास सवलत रद्द. नवनाथरावांनी अटींकडे फार लक्ष दिलं नाही. त्यांना राज्याबाहेर जायचंच नव्हतं. चिमाजी आहेरांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, जीपच्याही घातला. हर्षलनं फोटो काढले. “लढलात, साहेब!” चिमाजी म्हणाले. पहाटे नवनाथराव आणि शुभांगीबाई निघाले. पेठच्या घाटात नवनाथराव गाऊ लागले. हे त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असं शुभांगीबाई सांगतात.

अक्का तयारच होती. तेच लुगडं. पिशवीत नव्या तांदळाची पुरचुंडी, घरचं तूप आणि एक मोठं ताट. शुभांगीबाईंनी स्टूल लावलं, नवनाथरावांनी काखेत हात घालून तिला पुढच्या सीटवर बसवलं. सगळा पाडा बाहेर आला. अक्का काचेतून प्रत्येकाला हात करत होती. तो पाच मिनिटांचा काळ नवनाथरावांच्या खात्यावर जमा आहे. बाकी सगळा खर्चच.

पाड्याबाहेर आल्यावर त्यांनी चारही चाकांची दांडी ओढली. याच क्षणासाठी सारा अट्टहास होता. जीप गुरगुरली, वळण घेऊन उंबरदरीच्या वाटेला लागली, आणि नवनाथरावांनी ब्रेक दाबला.

समोर डांबरी रस्ता होता. काळाभोर, गुळगुळीत, कडेला पांढरे पट्टे ओढलेला. वासही अजून गेला नव्हता.

“ह्यो दिवाळीच्या आधी झाला,” अक्का अभिमानानं म्हणाली. “लय घाईत केला बग. साहेबलोक म्हनत व्हते, कुन्या भोयेनं वरती कागद लिवले, तीन साहेबांना. म्या म्हनलं, माझाच भाऊ त्यो.”

दांडी परत ढकलून नवनाथरावांनी साध्या दोन चाकांवर गाडी काढली. चिमाजी आहेरांची स्कूटरही तिथं आरामात गेली असती. अक्का वाटेतला एकेक दगड, एकेक झाड दाखवत होती. इथं आम्ही करवंदं खायचो, इथं विमलाला विंचू चावला व्हता. डोंगर उतरून जीप उंबरदरीत शिरली आणि विमलाबाईच्या अंगणात जाऊन थांबली.

दाराला कुलूप होतं. अंगण झाडलेलं होतं, पण कोंबड्या नव्हत्या.

शेजारच्या घरातली सून, संजना, धावत आली. अक्काला बघून तिनं कपाळाला हात लावला. “आजी, आता आल्या? अवं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिशी गेल्या त्या. काळूदादा तुळशीच्या लग्नानंतरच नेनार व्हता. पर रस्ता झाला ना. तेचा दोस्त लहान गाडी घिऊन पार दारापर्यंत आला. दादा म्हनला, गाडी दारात आलीच हाय, त मंग आताच चल. आमच्या सासूबाईंनी म्हनलं बी, नवसाबाई येनार हाय जीपमधून, चार रोज थांब. विमला आजी त उंबऱ्यावरनं उठंनात. दुपारपावतर बसल्या.”

शुभांगीबाईंनी डोळ्याला पदर लावला. रस्ता नवनाथरावांच्या तीन प्रतींनी झाला होता आणि त्या रस्त्यावरून काळूची गाडी आली होती. अर्ज सुंदर होता, हे त्यांना आठवलं आणि त्यांना स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

अक्का जीपमधून उतरायला लागली. कुणी हात द्यायच्या आत उतरलीही. उंबऱ्यावर जाऊन बसली. पिशवी मांडीवर. बराच वेळ ती समोरच्या डोंगराकडे, आपल्या करंजपाड्याकडे बघत होती. नवनाथराव तिच्यापुढं उकिडवे बसले.

“अक्का, ऊठ. आपण वापीला जाऊ. आत्ताच. संध्याकाळपर्यंत पोचतो.”

“वापी गुजरातेत ना? तुझ्या कागदाला चालतंय?”

“नाही चालत. सवलत रद्द होईल. होऊ दे. कर भरतो मी. तू ऊठ.” हे मात्र त्यांनी मनापासून म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादा कागद फाडावासा वाटत होता.

अक्कानं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

“वापीला पेठवरनं येस्टी जाती, नवा,” ती म्हणाली. “तिथं जायाला जीप कशाला लागती? मला हितं यायचं व्हतं.”

मग तिनं पुरचुंडी सोडली, तांदूळ संजनाच्या ओंजळीत घातले आणि पोरांना भात करून घाल म्हणाली. ताट परत पिशवीत ठेवलं. शुभांगीबाईंनी स्टूल लावलं.

परतीचा रस्ता तोच होता. उत्तम रस्ता. एक खड्डा नाही, एक धोंडा नाही. जीप कुठं घसरली नाही, कुठं रुतली नाही. नवनाथरावांना फार वाटत होतं की कुठंतरी चाक अडकावं. निदान खाली उतरून धक्का मारता आला असता, अक्काच्या शेजारी असं गप्प बसून राहावं लागलं नसतं.